साडेसातचं भाषण

३१ डिसेंबर २०१६, रात्री साडेदहा

आज दूध संस्थेत संध्याकाळचं दूध पाऊण तास आधीच उरकलं. साडेसातला पंतप्रधानांचं नोटबंदीनंतरचं भाषण आहे म्हटल्यावर सगळ्यांनाच घाई, किटल्या टेकवल्या, फॅट लागली ती लागली, एरवी एका पॉइंटसाठी माझ्या आईबापाचा उद्धार करणारी माणसं आज मुकाट्यानं घरी गेली. मी पण शटर ओढून आलो, पाय धुतले आणि टीव्हीसमोर बसलो ते चहा पण न घेता.

खरं सांगायचं तर ८ नोव्हेंबरच्या रात्री त्यांनी पाचशे-हजारच्या नोटा बंद केल्या तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यातला होतो, लपवत नाही. बायको म्हणाली अहो घरात आठ नोटा आहेत पाचशेच्या, त्यांचं काय, तर मी म्हटलं देशासाठी चार दिवस रांगेत उभं राहू की! मग १३ तारखेला गोव्यातनं पन्नास दिवस मागितले, ३० डिसेंबरपर्यंत वेळ द्या म्हणाले, आणि मी शहाण्यानं दूध संस्थेच्या फळ्यावर, जिथं बिलाची तारीख लिहितो ना तिथंच, कोपऱ्यात खडूनं लिहून ठेवलं, "३० डिसेंबर". दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेला, जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी आली. आता आमच्या संस्थेचं खातं कुठं, जिल्हा बँकेत. सभासदांची खाती कुठं, तिथंच. नवीन नोटा तिथं पोचेनात आणि दर दहा दिवसांनी निघणारं दुधाचं बिल नोव्हेंबरात तटलं ते अजून सरळ झालेलं नाही. पेंडवाला उधारीवर किती दिवस देणार? म्हैस काय कॅशलेस होते का.

तर आज काय ऐकायचं होतं मला? तीन आकडे. चलनात किती जुन्या नोटा होत्या, किती परत आल्या, किती बुडाल्या. बास. पुढं जमलं तर, बँकेतनं आपलेच पैसे आपल्याला पाहिजे तेवढे कधीपासून काढता येणार त्याची तारीख.

भाषण मोठं झालं. गरोदर बायकांना ६,००० रुपये, घरासाठी ९ लाखाच्या कर्जावर व्याजात ४ टक्के सूट आणि १२ लाखावर ३ टक्के, म्हाताऱ्या माणसांना साडेसात लाखापर्यंतच्या ठेवीवर दहा वर्षं ८ टक्के. चांगलंच आहे, वाईट कोण म्हणतंय. जिल्हा बँकेतनं आणि सोसायटीतनं उचललेल्या पीक कर्जाचं ६० दिवसांचं व्याज सरकार भरणार, हे आमच्या कामाचं, त्यावर मी जरा पुढं सरकून बसलो पण. पण हे सगळं फेब्रुवारीत बजेटमध्ये सांगायचं ना राव! मी वाट बघतोय हिशोबाची आणि समोर ताट भरून दुसरंच काहीतरी वाढतायत. आणि मग ते म्हणाले की वर्षाला १० लाखाच्या वर उत्पन्न आहे असं कबूल करणारे देशात फक्त २४ लाख लोक आहेत. तिथं मात्र माझं टाळकं फिरलं. म्हणजे आकडे हाताशी आहेत की! दुसऱ्यांच्या चोरीचा आकडा तोंडपाठ, आणि स्वतःच्या पन्नास दिवसाचा एकही नाही.

मी दहा वर्षं सचिव आहे. महिन्याला तीन बिलं, प्रत्येकाचा लिटर, फॅट, दर, पेंडीची कपात सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो. एकदा वार्षिक सभेत अडीच रुपयाचा फरक निघाला तर पाऊण तास मला उभं केलं होतं, आणि उभं करणारा माझा सख्खा चुलता होता. तेव्हा राग आला होता, आज वाटतं बरोबर केलं त्यानं. आम्ही या पन्नास दिवसात काय हिशोब कमी दिला का? चार हजार बदलायला फॉर्म, त्याला आधारची झेरॉक्स, नंतर बोटाला शाई. माझ्या बोटाला शाई लागली तेव्हा लाज वाटली, का ते नीट सांगता येत नाही, मतदानाची शाई मी फोटो काढून मिरवतो.

भाषण चालू असतानाच आई आतनं आली. सकाळी पोथीचं बासन उन्हात घालायला सोडलं तर आतनं पाचशेच्या तीन नोटा निघाल्या, दिवसभर सांगायला घाबरत होती. म्हणते, अरे पण त्यांनीच नव्हतं का सांगितलं, रिझर्व्ह बँकेत मार्चपर्यंत घेतील म्हणून? सांगितलं होतं, ८ तारखेच्या भाषणातच, मी पण ऐकलंय. पण आता ती सवलत फक्त त्या दिवसात परदेशात असलेल्यांना. मी म्हटलं आई तू कधी परदेशात होतीस का. ती हसली नाही. माझंच चुकलं, बोलायला नको होतं.

जेवण झाल्यावर वही घेऊन बसलोय. २१ ते ३१, अकरा दिवसाचं बिल. एटीएममधनं उद्यापासून दिवसाला अडीचच्या जागी साडेचार हजार मिळणार म्हणे, आठवड्याचे २४ हजार आहेत तेवढेच. आक्कांचं २७ लिटर, पेंड वजा जाता ४१८ रुपये. मागचे दोन बिलं मिळून १,१९२ अजून द्यायचेत. शेरा काय लिहू? "देणे बाकी" लिहिलं, तारखेची जागा मोकळी सोडली. उद्या पाच वाजता आक्का सगळ्यात आधी येतील किटली घेऊन, आणि विचारतील, रात्री काय म्हणाले रं पैशाचं.

फळ्यावरचं पुसायचं राहिलंय.