दर शनिवारी पोळा

जेरुसलेममध्ये शुक्रवारी सूर्यास्ताच्या ४० मिनिटं आधी भोंगा वाजतो. बस बंद, ट्राम बंद, दुकानांची शटरं खाली. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या बर्डी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, त्या गावच्या माझ्यासारख्या मुलीला इथे राहायला आल्यावर हे सुरुवातीला फार जड गेलं. दूध संपलं की संपलं!

वर्ज्य कामांचे ३९ प्रकार आहेत: नांगरणं, दळणं, लिहिणं, आग पेटवणं वगैरे. विजेचं बटण दाबणंही चालत नाही. म्हणून दिवे टायमरवर, आणि लिफ्ट आपली आपण प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. शेजारच्या आजी फ्रिजमधला बल्ब शुक्रवारीच काढून ठेवतात, कारण दार उघडलं की दिवा लागणार. एका शनिवारी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "बल्ब काढायचा राहिला, आणि जेवण सगळं आत आहे." एवढं बोलून गप्प उभ्या. दुसऱ्या धर्माच्या माणसालाही 'काढून दे' असं सरळ सांगायचं नसतं, समोरच्याने ओळखायचं. मी काढून दिला, वर केक खाऊन आले. मला ही पळवाट वाटली, अजूनही वाटते.

पण ज्यूंच्या धर्मग्रंथातली मूळ आज्ञा वाचली आणि चाटच पडले. विश्रांती कुणाला? तुला, मुलाबाळांना, दासदासींना, बैलाला, गाढवाला, तुझ्या वेशीतल्या परक्यालासुद्धा. कारण दिलंय की तूही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास, ते विसरू नकोस. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत. गाव त्यांना शनवार तेलीच म्हणे.

यंदा पोळ्याला नागपूरला आले होते, तेव्हा काटोलला काकांकडे गेले. आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकून झाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणून झालं, आणि मी हे सगळं काकांना सांगितलं.

"दर शनिवारी पोळा? मंग वावर कोन वाहाते?"

म्हटलं, तिथे दर सातव्या वर्षी वावरालाही सुट्टी असते. शेवटची २०२१-२२ मध्ये झाली. (त्यातूनही वाटा काढतातच लोक.)

"आमीबी संत्र्याले ताण देतोच नं. पाणी तोडल्याबिगर बहार येत नाही."

काकांचं खरं आहे, पण तो ताण बहारासाठी. आपला रविवारही तसाच, सोमवारी कामाला जुंपून घेता यावं म्हणून झोप काढायची. शब्बाथ पुढच्या आठवड्याच्या तयारीसाठी नसतो, उलट सहा दिवस त्याच्यासाठी असतात. अर्धवट राहिलेलं कामही झालंच असं धरून बसायचं. आपल्यावाचून जग एक दिवस चालतं, हे दर आठवड्याला कबूल करायचं. मला एवढंच त्यातलं अध्यात्म कळलं, आणि तेच सगळ्यात अवघड जातं. मी शनिवारी फोन बंद ठेवते, पण हात खिशाकडे जातोच.

काकू पुरण वाटता वाटता ऐकत होत्या. "अन् त्या दिवशी सैपाक?"

"चूल पेटवायचीच नाही. शुक्रवारीच करून ठेवतात."

"शुक्रवारी कोन करते?"

"बहुतेक घरी बायकाच."

"हां," काकू म्हणाल्या, "मंग आमच्यासारखंच हाय. बैलाले सुट्टी, मले पुरन."