नव्या गोधडीचे भडक रंग चहाने उतरवताना

नवी गोधडी डोळ्यांना टोचते ती बहुतेक वेळा पांढऱ्यामुळे. लाल, हिरवा, जांभळा शेजारीशेजारी खपून जातात. मध्ये एक पांढराशुभ्र तुकडा आला की नजर तिथेच अडते. जुन्या वाकळीत हे होत नाही, कारण तिच्यातली लुगडी, सदरे, परकर आधीच धुऊन धुऊन विटलेले असतात. नव्या कापडाला तसं मवाळ करायचं तर चहा सगळ्यात भरवशाचा. ब्लीचच्या वाटेला जाऊ नका. सूत कमजोर होतं आणि प्रत्येक रंग वेगळाच उडतो.

एकेरी गोधडीच्या वरच्या थराला ५ इंची १९२ चौकोन लागतात, आडवे १२ आणि उभे १६. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं, म्हणून शिवून ५४ बाय ७२ इंच भरतं. कापड निव्वळ सुती हवं, आणि कापण्याआधी धुतलेलं. ते आटतं, शिवाय खळ राहिली तर चहा डागाडागांनी चढतो. लाल, मरून, गडद निळा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळा. फडकं रंगलं तर तो तुकडा बाजूला ठेवा.

चौकोनाची एक कड कापडाच्या काठाला समांतर ठेवून कापा. उरेब, म्हणजे तिरका कापलेला तुकडा मशीनखाली ताणतो आणि ओळ वाकडी होते. पहिल्या ओळीच्या शिवणी इस्त्रीने उजवीकडे पाडा, दुसरीच्या डावीकडे. मग दोन ओळी समोरासमोर धरल्या की शिवणी एकमेकींना अडतात. बोटांना तो खाचा लागतो, तिथेच टाचणी लावा. दोराही सुतीच घ्या. पॉलिस्टरच्या दोऱ्यावर चहा चढत नाही, मग प्रत्येक जोडातून पांढरे टाके डोकावतात. टाका बारीक, इंचाला १२, नाहीतर पाण्यात हलवताना कडांची सुतं सुटतात.

अस्तर जोडण्याआधीच रंगवा. ८ लिटर पाण्यात १०० ग्रॅम दाणेदार चहापत्ती फडक्यात सैल बांधून १५ मिनिटं उकळा, पुरचुंडी काढून टाका. भांडं स्टीलचं. लोखंडी घमेल्यात चहातलं टॅनिन लोहाशी मिळून काळपट राखाडी रंग धरतं, आणि तो सहजी निघत नाही. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी हेच होतं.

आधी उरलेले तीन तुकडे ओले करून टाका; ५, १० आणि २० मिनिटांनी एकेक काढून इस्त्रीने सुकवा. ओला रंग गडद दिसतो, सुकला की उतरतो. पुढच्या धुण्यांतही थोडा जातोच, म्हणून मनातल्यापेक्षा किंचित गडद निवडा. मग अख्खा थर साध्या पाण्यात भिजवून बुडवा आणि सतत खालीवर करा. पांढरा सायीसारखा होतो, गुलाबी विटकरीकडे झुकतो, आकाशी राखाडी-हिरवट दिसतो. मरून आणि काळ्यावर काहीच दिसत नाही. छापील कापड असेल तर ते रंग शिवतानाच उलट्या बाजूने लावा. ती बाजू मुळातच फिकी असते.

गार पाण्यात खळबळून घ्या, पिळू नका. सावलीत खाटेवर पसरून सुकवा. एका दोरीवर टांगलं तर चहा निथळून खालच्या काठाला जमतो आणि तिथे तपकिरी पट्टा उमटतो.