पॉइन्सेटियाच्या नावामागचा माणूस

डिसेंबरात अमेरिकेत, साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात, धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिच्या दारात पॉइन्सेटियाची कुंडी होती, अगदी पुण्याच्या माझ्या गॅलरीत आहे तशी. "ताई, ज्याच्या नावाचं हे झाड, त्याचं थडगं इथून तासाभराच्या आत आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाचीला आणि त्या कुंडीलाही गाडीत घेऊन आम्ही स्टेटबर्गला निघालो.

स्टेटबर्ग म्हणजे धड गावही नाही. झाडी, शेतं आणि होली क्रॉस चर्च. त्याच्या भिंती ओलसर माती साच्यात ठोकून चढवलेल्या आहेत; वरून गिलावा असल्यामुळे ते कळत नाही. मला आमच्या आजोळच्या पांढऱ्या मातीच्या वाड्याची आठवण झाली आणि मी तिथेच बराच वेळ रेंगाळले.

चर्चच्या आवारात जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेटचं थडगं आहे. 1779 मध्ये चार्ल्स्टनला जन्मलेला हा माणूस 12 डिसेंबर 1851 रोजी स्टेटबर्गला वारला. 1825 मध्ये तो मेक्सिकोत अमेरिकेचा पहिला राजदूत म्हणून गेला आणि तिथल्या राजकारणात इतका शिरला, की मेक्सिकोने त्याला परत बोलावून घ्यायला लावलं. अशा ढवळाढवळीला तिथे 'पॉइन्सेटिस्मो' असा शब्दच रूढ झाला. झाडाझुडपांचं वेड मात्र खरं होतं. त्याच सुमारास हे लाल झाड अमेरिकेत आलं, 1829 मध्ये फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि नाव त्याचं लागलं. लाल दिसतात ती पानं. फुलं म्हणजे मधले पिवळे बारके ठिपके. रात्री लांबल्या की ती पानं रंग धरतात.

पुढे 1837 ते 1841 तो युद्धमंत्री होता. 1838 मध्ये सैन्याने चेरोकी या मूळनिवासी लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावून पश्चिमेला नेलं, हजारो माणसं दगावली, ते त्याच्याच कारकिर्दीत. शिवाय तो गुलामांचा मालकही होता. हे वाचल्यापासून माझं मन त्याच्याबद्दल मऊ होत नाही.

कुंडी थडग्यापाशी ठेवायची म्हणून नेली होती. तिथे उभी राहिल्यावर हात पुढे होईना. बहिणीने काही न बोलता ती उचलली आणि पुन्हा गाडीत ठेवली.

परतताना भाचीला झाडाचं जुनं नाव सांगितलं. मेक्सिकोतले नाहुआत्ल बोलणारे लोक त्याला पॉइन्सेटच्या कितीतरी आधीपासून 'क्वेत्लाशोचित्ल' म्हणत आले आहेत. चौथ्या खेपेला तिला ते नीट म्हणता आलं.