टिल्ट टेबलवरचे ५० अंश

मंगळवार, रात्री

आज टिल्ट टेबल, म्हणजे झोपलेल्या रुग्णाला हळूहळू उभं करणारं टेबल, ५० अंशांवर नेलं आणि पोराचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, अंधारी येतेय," म्हणेपर्यंत मान कलंडली. लगेच खाली घेतलं. वरचं बीपी ११०चं ७०वर आलं होतं.

कोकणातला मुलगा, नारळाच्या झाडावरून पडलेला. इजा मानेत, सी-सिक्सला, म्हणजे मज्जारज्जूच्या मानेतल्या सहाव्या पातळीवर. त्याची आई म्हणाली, "अशक्तपणाच हो. म्हणून तर सकाळी पोटभर भाकरी भरवली." ऐकून गलबललं. सगळे घरचे अशक्तपणाच म्हणतात आणि पोराला वाटतं, आपल्यातच जिद्द नाही.

जिद्दीचा इथे काय संबंध? कुणीही उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमन्या आणि महाधमनी दाब घटल्याची खबर मेंदूला देतात, आणि रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम मज्जारज्जूतून खाली सुटतो. तो बाहेर पडतो छातीच्या भागात. याची मज्जारज्जू त्याच्या वरच दुखावली आहे. खबर पोचते, हुकूम अडतो. हृदयाचा वेग आवरून धरणारी व्हेगस नस तेवढी शाबूत, कारण ती मज्जारज्जूतून जातच नाही. मेंदू तिचा लगाम सैल सोडतो आणि नाडी वाढते. आज ६४ची ९६ झाली. पण वाहिन्या सैल, पोटऱ्या निपचित. एकटी नाडी किती पुरणार? त्यात जेवण झालेलं, म्हणजे आतड्यांकडे आणखी रक्त.

"मावशी, भाकरी द्या, पण व्यायाम झाल्यावर," एवढंच म्हटलं. उद्यापासून पोटाचा पट्टा आणि घट्ट पायमोजे झोपलेला असतानाच चढवायचे, मग ३० अंशांपासून सुरुवात.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या आठवड्यांचं. तुटलेली वाट जुळत नाही, तरी बहुतेकांची चक्कर हळूहळू कमी होते. दाब पडला की मूत्रपिंडं रेनिन नावाचं रसायन सोडतात, त्यातून पुढे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. पायांत ताठरपणा येतो, आपण त्याला वैतागतो, पण त्यानेही रक्त वर राहायला थोडी मदत होते. मेंदूच्या रक्तवाहिन्या कमी दाबातही पुरवठा सांभाळू लागतात. म्हणून ८५/५० बीपी असलेला माणूस व्हीलचेअरवर निवांत पेपर वाचत बसलेला मी पाहिला आहे. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांना टेबलवर तिरपं करून नाडी, दाब आणि रक्तातली संप्रेरकं मोजली, त्याचा लेख १९६३चा. आम्ही आजही टेबल तिरपंच करतो. मी मात्र आकड्याआधी चेहरा बघते.

एक उलटी गोष्ट घरी जाण्याआधी शिकवायलाच हवी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली आणि लघवीसाठी घातलेली नळी तुंबली, तर बीपी एकदम भडकतं. डोकं ठणकतं, तोंड लाल होतं, घाम फुटतो. तेव्हा आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, घट्ट कपडे सोडायचे, नळी बघायची, आणि बीपी उतरलं नाही तर थेट दवाखाना. ज्या ताठ होण्याने आज त्याचं रक्त खाली ओढलं, तेच त्या वेळी पहिला उपचार.

हे सगळं मावशींना मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देणार आहे. गावातल्या डॉक्टरांसाठी वेगळी प्रत.