आगळ म्हणजे सरबत नव्हे

रविवार, १९ एप्रिल

जाहिरात लिहायला शिकवणाऱ्या वर्गाचा तिसरा रविवार. वर्ग म्हणजे मोबाइल आणि मी, गॅलरीत, कारण घरात टीव्ही चालू. छत्रीच्या जाहिरातीचा गृहपाठ तपासून आला. मी लिहिलं होतं, 'मेघगर्जनेच्या मैफलीत तुमची विश्वासू सखी'. लिहिल्यावर तीनदा मोठ्याने वाचून पाहिलं होतं. बाईंचा शेरा: 'छान. पण छत्री कुठाय?'

राग आला. १६ वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवायचं काम, केलंय मी. डोंबिवलीत एका गाळ्यात बसून पेजमेकर, श्रीलिपी, कोरल ड्रॉ. लोकांनी लिहून आणलेला 'आशिर्वाद' काही न बोलता 'आशीर्वाद' केलाय, हजारदा तरी. पुढे लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या, गाळ्याचं भाडं सुटेना, सोडला. म्हटलं, भाषा तर येते, जाहिराती लिहू. हिशोब साधा वाटला होता.

भांडी घासताना मात्र त्या पत्रिकाच डोळ्यांपुढे. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'पासून 'आपले आशीर्वाद हाच आहेर'पर्यंतचा मजकूर मी न बघता टाइप करायचे आणि लोक न बघता वाचायचे. मुहूर्त बघायचे, हॉल कुठला ते बघायचे. आणि अगदी तळाशी एक ओळ असायची, कुठल्या तरी पिंकी-सोनूच्या नावाने: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' गिऱ्हाईक एखाद्या आत्याचं नाव विसरेल, ती ओळ विसरायचं नाही. पत्रिका हातात पडली की बायका आधी तीच वाचून हसायच्या. अख्ख्या कागदावर कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय असं तेवढ्याच ठिकाणी. आणि मी ती सगळ्यात बारीक टायपात घ्यायचे.

मंगळवार, २१ एप्रिल

स्टेशनला जाता-येता फलक वाचायचा नाद लागलाय. निम्मी मराठी हिंदीतून आलेली, उरलेली इंग्रजीतून. 'आता मिळवा', 'अधिक जाणून घ्या', 'आपल्या स्वप्नांना द्या नवे पंख'. क्रियापद आधी आणि कर्म मागून धापा टाकत. आपण घरात असं बोलतो का? 'खा पोहे' म्हणते का आई? 'पोहे खा' म्हणते.

दुसरी अडचण, समोरच्याला काय म्हणायचं? इंग्रजीत लिहिणाऱ्याला एका 'यू'वर भागतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. कॉलेजच्या पोरांना 'तुम्ही' म्हटलं तर बँकेचं पत्र वाटतं, आणि साठीच्या गृहस्थांना 'तू' म्हटलं तर संपलंच. 'आपण' घेतलं की सरकारी कचेरीतला वास येतो. वर्गात हा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, एक माणूस डोळ्यांपुढे आण, त्याच्याशी जे बोलशील ते. ठीक. पण जाहिरात तर चार जणांच्या हातात पडणार.

रविवार, २६ एप्रिल

आज ते प्रसिद्ध सूत्र झालं: लक्ष वेधा, रस निर्माण करा, इच्छा जागवा, कृती करायला लावा. अमेरिकेतल्या एल्मो लुईस यांच्या नावावर सांगतात, सव्वाशे वर्षं जुनं. वहीत उतरवलं. लोकलमध्ये टिकल्या-पिना विकणारी बाई हे चारही टप्पे डोंबिवली ते दिवा एवढ्यात उरकते, त्यामुळे फार थक्क झाले नाही.

थक्क झाले ते दुसऱ्या गोष्टीने. क्लॉड हॉपकिन्स नावाचा जाहिरात लिहिणारा होता, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. श्लिट्झ या बिअरचं काम त्याच्याकडे आलं. तेव्हा सगळेच बिअरवाले 'शुद्ध, शुद्ध' म्हणून ओरडत होते. तो कारखाना बघायला गेला. काचेच्या बंद खोल्या, त्यात गाळून सोडलेली हवा, चार-चार वेळा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या, शेजारी मिशिगन सरोवर असताना ४,००० फूट खोल खणलेल्या विहिरी. हे लोकांना का सांगत नाही, असं त्याने विचारलं. मालक म्हणाले, त्यात काय, सगळेच असं करतात. त्याने तेच लिहिलं. पाचव्या नंबरची बिअर काही महिन्यांत पहिल्याच्या बरोबरीला आली, असं त्याने स्वतःच नोंदवलंय. स्वतःचं स्वतः सांगितलेलं म्हणून थोडं कमी धरावं. तरी.

कारण मला एकदम मावशीच्या बाटल्या आठवल्या. मावशी कुडाळजवळ रातांब्यांचं, म्हणजे कोकमच्या फळांचं करते, आमसुलं, आगळ, अमृत कोकम. तिच्या लेबलावर काय आहे? 'शुद्ध, पारंपरिक, घरगुती चवीचे'. नऊ वर्षांपूर्वी कुणी जुळवून दिलं ते? मीच.

लगेच फोन लावला. म्हटलं, लेबल नव्याने लिहून देते, पैसे नकोत. ती म्हणाली, पैसे देतंय कोण, पण रातांबे फोडायला ये.

रविवार, ३ मे, कुडाळ

ठाण्याहून कोकणकन्येने आले. कालपासून बोटं लाल आहेत, म्हणून पेनही लाल झालंय.

रातांबा फोडायचा, बिया आणि गर एकीकडे, साली एकीकडे. साली रसात भिजवून उन्हात, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. मावशी पाच पुटं देते. बाजारात दोन-तीन दिलेलीही मिळतात, ती पिवळट तपकिरी दिसतात, असं तिचं म्हणणं. हे ती नाक मुरडून सांगते, लिहून कुठेच ठेवलेलं नाही. रस मीठ घालून टिकवला की आगळ. साली साखरेत मुरवल्या की पाक सुटतो, ते अमृत कोकम, सरबताचं. बियांचं कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना, पण ते विकायला नाही, 'घरात पुरत नाय'.

लिहिण्यासारखं खूप होतं. पण मी काल सकाळपासून दुसरंच करत बसले, तिचे फोन ऐकत. दोन दिवसांत ११ आले. वहीवर रेघा मारल्या. भाव विचारणारे दोन, पुण्याला पाठवता का म्हणणारा एक. एकाला नुसतंच आंब्याचं काय चाललंय ते हवं होतं. एक राँग नंबर. आणि सहा जणांचं रडगाणं एकच. कुणी आगळ पाण्यात घालून साखर न घालता प्यायलं आणि सरबत खारट आहे म्हणून तक्रार. कुणी सोलकढीत आगळ घातलं, वर सवयीने मीठ घातलं आणि कढी पाहुण्यांपुढून परत न्यावी लागली. एक काका तर फारच चिडले होते. मावशी शांतपणे, 'तां आगळ असा हो, सरबत नाय', मग एका नारळाच्या दुधाला किती चमचे, लसूण किती, मिरची ठेचायची की वाटायची, आणि शेवटी त्यांच्या सुनेची चौकशी.

आगळ आणि अमृत कोकम, दोन्ही बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच लाल रंगाच्या. दोन्हींवर माझं 'शुद्ध, पारंपरिक, घरगुती चवीचे', ठळक, मधोमध, अक्षरांच्या सावलीसकट. आगळ हा शब्द खाली कोपऱ्यात. सावली द्यायची मला फार हौस होती तेव्हा.

बुधवार, ६ मे

बाईंचा नियम: निवडायच्या आधी २५ ओळी लिहायच्या. पहिल्या दहा दुसऱ्याच कुणाच्या तरी असतात म्हणे. माझ्या चौदा निघाल्या. 'कोकणचा लाल खजिना'. 'आजोळची आठवण, एका घोटात'. 'ताटाची शान, सोलकढीचा मान'. शी. मेघगर्जनेच्या मैफलीतून मी अजून पुरती बाहेर आलेले नाही.

मावसभावाचं वेगळंच. त्याला 'चरबी वितळवते' आणि 'पित्तावर रामबाण' हवं होतं, कारण शेजारचा लिहितो. मी सांगितलं, अन्नपदार्थाने आजार बरा होतो असं मनाने छापता येत नाही, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत. त्याने कोण बघतंय म्हणून हात उडवला. निकाल मावशीने लावला: 'पित्त गेला नाय तर फोन माकाच येतलो.'

सतराव्या ओळीपासून मी काही सुचवायचं सोडून दिलं आणि तिचे फोन आठवत गेले. लेबल तीन बाय चार इंच. त्यात हिरवा ठिपका, १४ आकडी नोंदणी क्रमांक, वजन, तारीख, पत्ता. उरलेल्या जागेत हे:

हे सरबत नाही. सोलकढीचं आगळ आहे.
एका नारळाच्या दुधाला ४ चमचे.
मीठ घालू नका, आम्ही घातलंय.

आमसुलांच्या पुडीवर एकच ओळ: 'रसाची पाच पुटं, पाचही वेळा उन्हात.' मावशीला ती पटेना. 'ह्यात काय सांगूचा? सगळेच करतत.' मी हॉपकिन्सची आठवण काढून गालात हसले. शिवाय सगळे पाच देत नाहीत हे तिनेच सांगितलं होतं.

बाईंना पाठवलं. त्यांचं म्हणणं, 'नाही'ने सुरुवात नको, ग्राहकाला आधी काहीतरी चांगलं सांगावं. असेलही बरोबर. त्यांनी त्या काकांचा फोन घेतलेला नाही. मी 'नाही' ठेवला.

खरी चुळबुळ दुसऱ्याच गोष्टीची आहे. एवढ्या ओळींत माझं काय? एकही शब्द असा नाही की जो मावशीने उच्चारला नव्हता. गेला महिनाभर फी भरून मी जे लिहायला शिकतेय, ते ओट्याशी उभ्या असलेल्या बाईने फुकट बोलून ठेवलेलं. मी फक्त सावली काढली आणि टाइप मोठा केला.

रविवार, १४ जून

पाऊस लागलाय. नवी लेबलं लावून महिना झाला. आज मावशीला फोन केला. बाटल्या बऱ्या खपल्यात, पण तो सीझन असतोच, त्यामुळे श्रेय घ्यायला नको. तक्रार मात्र एकही नाही. मी खूश होऊन विचारलं, मग आता निवांत?

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, 'फोन येणत नाय गो आता कोणाचे. कंटाळो येता.'

दोघी मुली मुंबईला, मावसभाऊ दिवसभर दुकानात, मावशीचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. हे मला माहीत होतं की.

संध्याकाळी पुढच्या छपाईची फाइल उघडली. फोन नंबर ८ पॉइंटात होता, १४ केला. पत्ता थोडा वर सरकवला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक ओळ घातली: 'सोलकढी कशी करायची ते फोनवर सांगते. दुपारी १ ते ४ मी रिकामीच असते.'