तिसरा रकाना

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर एक जाड लाँगबुक पडलेले असते. सेल बदलून होईपर्यंत गिऱ्हाइकाला दोन-चार मिनिटे उभे राहावे लागते आणि तेवढ्यात त्याची नजर त्या वहीवर जाते. तिच्यात दुकानाचा हिशेब नाही. फिल्मफेअर, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, ऑस्कर, ग्रॅमी, ऑलिंपिक आणि क्रिकेटचे विश्वचषक यांचे निकाल तिच्यात लिहिलेले आहेत आणि आधीच्या सहा वह्या घरी माळ्यावर आहेत. हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काका, हे सगळं ठरवून देतात म्हणे. तुमचा खरंच विश्वास आहे का या पुरस्कारांवर?"

हातात चिमटा आणि डोळ्याला भिंग लावलेले असताना लांबलचक उत्तर देता येत नाही, म्हणून मी "बघायला मजा येते हो" एवढेच म्हणून घड्याळ परत करतो. परवा मात्र एका कॉलेजच्या मुलीने पट्टा बांधता बांधता मला अडवले. "काका, मी विश्वासाचं विचारलं, तुम्ही मजेचं सांगितलंत." तिचे म्हणणे बरोबर होते. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आता नीट लिहितो.

ही वही सुरू झाली ती सिनेमामुळे नव्हे, खेळामुळे. ८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचे कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकले. तिची वेळ ५५.४२ आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि ही बातमी सार्वजनिक वाचनालयात उभ्याने वाचून धावत दुकानात आलो होतो. वडिलांनी ती ऐकून घेतली, समोरच्या चावीच्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले आणि आतले बॅलन्स व्हील दाखवून म्हणाले, "हे सेकंदाला पाच ठोके देतं. तुझे असले वीस शतांश याच्या एका ठोक्यात मावतात. आपल्या दुकानातल्या एकाही घड्याळाला ती पोरगी हरलेली कळली नसती." त्या रात्री मी शाळेच्या एका कोऱ्या वहीत दोन रकाने आखले. डावीकडे त्यांचा निकाल, उजवीकडे माझा. उजवीकडे मी उषाचे नाव लिहिले.

त्याच महिन्यात, त्या शर्यतीनंतर सहाच दिवसांनी, खाशाबा जाधव यांचे अपघाती निधन झाले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा, १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य जिंकणारा हा माणूस गेला, आणि माझ्या वहीत त्याची ओळभरही नोंद नाही. खेळातल्या अन्यायासाठी नुकतीच वही घातलेल्या मुलाला खाशाबा जाधव कोण, हे ठाऊक नव्हते. अर्जुन पुरस्कार सुरू झाला तो १९६१ साली, म्हणजे खाशाबांच्या पदकानंतर नऊ वर्षांनी, आणि त्यांना तो मिळाला २००० साली, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. ते जिंकून आले त्या वर्षी त्यांचे नाव लिहायला रकानाच अस्तित्वात नव्हता.

अनेक वर्षे माझी समजूत अशी होती की खेळ आणि सिनेमा या दोन वेगळ्या जाती आहेत. खेळात घड्याळ ठरवते, सिनेमात माणसे ठरवतात. म्हणून खेळाचा निकाल खरा आणि सिनेमाचा संशयास्पद. या समजुतीला पहिला धक्का आपल्याच जिल्ह्यातून बसला. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावचा दत्तू भोकनळ. पाण्याची वानवा असलेल्या मुलखात वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केलेला हा मुलगा सैन्यात गेला, तेथे नौकानयन शिकला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवण्याच्या प्रकारात उतरला. शेवटच्या दिवशी तो आपल्या शर्यतीत पहिला आला. फक्त ती शर्यत पदकांच्या बाहेर गेलेल्यांच्या 'क' गटाची होती, त्यामुळे एकूण क्रमवारीत तो तेरावा ठरला. डाव्या रकान्यात मी 'तेरावा' लिहिले आणि उजव्या रकान्यात काय लिहावे यावर बराच वेळ अडून बसलो. शर्यत तर तो जिंकलाच होता.

दुसरा धक्का लॉर्ड्सचा. १४ जुलै २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्ये दोघांच्याही १५ झाल्या आणि मग चौकार-षटकार कोणाचे जास्त हे मोजून, २६ विरुद्ध १७ असा हिशेब करून, इंग्लंडला विश्वविजेते ठरवण्यात आले. मोजणीत कोणतीही चूक नव्हती. पण बरोबरी झाल्यास एकेक धाव पळून काढणाऱ्यापेक्षा चेंडू सीमेपार टोलवणारा श्रेष्ठ, हे आधी कोणीतरी एका बैठकीत बसून ठरवलेले होते. त्याच वर्षी आयसीसीने हा नियम काढून टाकला. करंडक मात्र इंग्लंडकडेच राहिला, आणि राहायलाच हवा होता. घड्याळ आणि धावफलक मोजतात, पण काय मोजायचे ते माणसेच ठरवतात. (२०११ च्या अंतिम सामन्याचा सामनावीर नाबाद ९१ धावांचा धोनी की ९७ धावांचा गंभीर, या वादात मी येथे पडत नाही. माझ्या रकान्यात गंभीर आहे आणि त्यापायी मेव्हण्याशी आमचा दोन आठवडे अबोला होता.)

आता सिनेमा आणि संगीताकडे येतो, कारण ज्या गोष्टीसाठी मी अजूनही रात्री जागतो ती तेथे अधिक स्पष्ट दिसते. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले तेव्हा त्यांत संगीतकाराला पुरस्कार होता, पण गाणाऱ्याला नव्हता आणि गीत लिहिणाऱ्यालाही नव्हता. १९५७ साली शंकर-जयकिशन यांना 'चोरी चोरी'साठी पुरस्कार मिळाला आणि समारंभात लता मंगेशकर यांनी त्यातले गाणे गावे अशी विनंती झाली, तेव्हा लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराचा आहे, गायिकेचा नाही, तर मग संगीतकारांनी नुसते वाद्यांवर वाजवून दाखवावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५९ साली पार्श्वगायनाचा आणि गीतलेखनाचा असे दोन्ही विभाग सुरू झाले. पहिल्याच वर्षी गायनाचा पुरस्कार 'मधुमती'साठी लताबाईंना आणि गीताचा 'यहुदी'साठी शैलेंद्र यांना मिळाला. लताबाईंना पुढे किती पुरस्कार मिळाले यापेक्षा त्यांनी तो रकाना पाडून घेतला, ही गोष्ट मला मोठी वाटते, कारण त्यानंतर त्या रकान्यात इतरांचीही नावे लिहिली जाऊ लागली. पुढे नव्या गळ्यांना वाव मिळावा म्हणून त्यांनी स्वतः त्या स्पर्धेतून बाजूला होणे पसंत केले.

प्राण यांची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. १९७३ साली 'बेईमान'साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. त्या वर्षीचा संगीताचा पुरस्कारही 'बेईमान'लाच, म्हणजे शंकर-जयकिशन यांना मिळाला होता आणि 'पाकीझा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद, जे चित्रपट पूर्ण होण्याच्या आधीच १९६८ साली वारले होते, ते वगळले गेले होते. स्वतःच्या चित्रपटाला मिळालेला पुरस्कार चुकीचा आहे असे म्हणणारा दुसरा नट माझ्या सात वह्यांत नाही. पुरस्कार ठरवून दिले जातात का, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की काही वेळा तसे होतही असेल. पण प्रामाणिक माणसांनी शांतपणे बसून केलेल्या चुका वहीत भरपूर आहेत आणि त्या मला अधिक अभ्यासण्याजोग्या वाटतात.

ग्रॅमीची गंमत निराळी. १९६८ साली पंडित रविशंकर यांना व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी पुरस्कार मिळाला तो चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या विभागात, म्हणजे सतार व्हायोलिनच्या चौकटीत बसवण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतल्या, त्यांतल्या दोन 'ग्लोबल' नावाच्या विभागांत. जगातल्या एका भागाचे संगीत ते नुसतेच संगीत आणि उरलेल्या जगाचे ते 'ग्लोबल', हा हिशेब मला पटत नाही. तरी मी पहाटे उठून ते पाहिले आणि दुकान तासभर उशिरा उघडले.

या सगळ्याकडे मी परीक्षकांच्या खुर्चीत बसण्याच्या आधी फार तोऱ्याने पाहत असे. २००६ च्या गणेशोत्सवात सिडकोतील एका मंडळाने मला गीतगायन स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले, कारण माझ्या वहीची कीर्ती तेथवर पोहोचली होती. आम्ही तिघे परीक्षक होतो. छापील तक्त्यावर सूर, ताल, शब्दोच्चार आणि सादरीकरण असे चार रकाने होते आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे होते. चौदा स्पर्धक झाले. सातव्या मुलीला मी सुरासाठी साडेसात दिले, मग बाराव्या स्पर्धकानंतर ते मला जास्त वाटले आणि मी ते खोडून सात केले. बेरीज झाल्यावर ती अर्ध्या गुणाने दुसरी आली. मंडपाच्या मागे ती आईच्या पदराशी उभी राहून रडत होती आणि मी नारळ-शाल घेऊन तिच्यासमोरून गेलो. मला उषाची आठवण आली नाही असे नाही. पण त्या शतांशाला निदान घड्याळ होते. या अर्ध्या गुणाला माझे पेन होते.

घरी येताना स्कूटरवर दुसरीच एक गोष्ट लक्षात आली. चौदाही जणांना ढोलकीवर एकाच मुलाने साथ केली होती, वय असेल सतरा-अठरा. कोणी लय ओढत होते, कोणी अंतऱ्यात मात्रा खाऊन पुढे जात होते, आणि हा मुलगा प्रत्येकाला सांभाळून समेवर आणून सोडत होता. चौदापैकी निदान पाच जणांना 'ताल' या रकान्यात मी जे गुण दिले ते खरे त्याचे होते. आमच्या तक्त्यात त्याच्यासाठी जागा नव्हती, म्हणून आम्हा तिघांपैकी एकालाही तो दिसला नाही. त्या रात्री मी वहीच्या उजव्या समासात तिसरा रकाना आखला आणि त्याच्यावर लिहिले : 'रकाना नसलेले'.

मागच्या वह्यांतही मी तो नंतर आखत गेलो. आपल्याकडे याची सुरुवात तर पहिल्याच चित्रपटापासून आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले आणि नाशिकमध्येच १९४४ साली निधन पावलेले दादासाहेब फाळके यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोके पाडत होत्या, रसायने हाताळत होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत होत्या. फिल्मला भोके पाडण्याचे काम अंधारात करावे लागते. ते किती बारीक असते हे घड्याळजीला सांगावे लागत नाही.

तर विश्वासाबद्दल. विजेत्याच्या नावावर माझा विश्वास फारसा नाही. माझा आणि त्यांचा रकाना निम्म्या वेळाही जुळत नाही आणि माझा रकाना बरोबर असेलच असे आता मी म्हणत नाही. विभागांच्या यादीवर मात्र आहे. कोणते काम हे काम म्हणून मोजायचे, याची ती यादी असते आणि ती हळूहळू लांबत जाते. ऑस्करमध्ये कलाकारनिवडीचा विभाग २०२६ च्या सोहळ्यापासून आला आणि साहसदृश्यांचा विभाग २०२८ मध्ये, शंभराव्या सोहळ्याला येणार असल्याचे जाहीर झालेले आहे. घोड्यावरून पडणाऱ्यांना रकाना मिळायला शंभर सोहळे लागले.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पहिली वही आणून दाखवली. १९८४ च्या आधीची वर्षे मी वाचनालयातले जुने अंक चाळून मागाहून भरली आहेत. १९७५ च्या चित्रपटांच्या पानावर डावीकडे 'दीवार' आहे, कारण त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट तो ठरला. मधे माझ्या अक्षरात 'शोले' आहे, आणि त्याला मिळालेला एकमेव फिल्मफेअर ज्यांच्या वाट्याला आला ते संकलक एम. एस. शिंदे यांचे नाव मी खाली दोनदा अधोरेखित केलेले आहे. तिसऱ्या रकान्यात निराळ्या शाईत, बऱ्याच वर्षांनी लिहिलेले एक नाव आहे : रेश्मा पठाण.

"या कोण?" तिने विचारले.

"टांगा उधळतो ना, तेव्हा हेमामालिनीच्या जागी या होत्या."

तिने मोबाइलवर ते दृश्य काढले, काउंटरला टेकून दोनदा पाहिले आणि तिसऱ्यांदा पाहताना थांबवून माझ्यापुढे धरले. मी भिंग डोळ्याला लावून पाहिले.