एक फ्रेम, एक मीटर

रात्री सव्वादोनला फोन वाजला तेव्हा वाटलं, नेहमीसारखा एखादा ट्रक असेल. अपघात कसा झाला ते मोजमाप करून, हिशोब मांडून सांगायचं, हे माझं पोलीस खात्यातलं काम. पलीकडून आवाज आला, "साहेब, आपलीच गाडी आहे." मग थोडं थांबून, "चालवणाराही आपलाच."

पोचलो तेव्हा गस्तीची गाडी दुभाजकावर तिरकी चढलेली होती. टपावरचा दिवा अजून फिरत होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. समोरच्या छोट्या गाडीची एक बाजू पार आत गेली होती. ती चालवणाऱ्या गृहस्थांचं मांडीचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला होता. आमचा हवालदार फुटपाथवर बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "साहेब, कॉल खरा होता."

खरा होताच. एका माणसाने बायको-पोरांना घरात कोंडून सुरा काढला होता आणि मोठ्या मुलीने न्हाणीघरात लपून फोन केला होता. आमची गाडी अर्ध्यात अडकल्यावर दुसरी पाठवावी लागली. ती पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं, म्हणून निभावलं.

हल्लीच्या ब्रेकमुळे चाकं लॉक होत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर टायरचे काळे पट्टे फारसे उमटत नाहीत. मग वेग काढायचा कुठून? कोपऱ्यावर एक कॅमेरा होता, सेकंदाला २५ फ्रेम टिपणारा. त्यात दोन दिव्यांच्या खांबांमधून आमची गाडी जाताना दिसत होती. पहाटे टेपने ते अंतर मोजलं, ३४ मीटर भरलं. नंतर फ्रेम मोजल्या, त्याही ३४. एका फ्रेमला एक मीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. रस्त्याची मर्यादा ५०. आकडे इतके सुबक जुळले की मला शंका आली. तीनदा मोजलं. दुपारी एअरबॅगच्या मॉड्यूलमधला डेटा काढला. धडकेआधीच्या ५ सेकंदांची नोंद त्यात असते. तिथेही वेग तोच, आणि ब्रेक फक्त शेवटच्या नोंदीत.

मला खरी अस्वस्थता आली ती पुढच्या हिशोबाने. चौकात वळणाशी एक टेम्पो उभा होता. त्याच्याआडून ती छोटी गाडी आमच्या माणसाला दिसली असेल ती ३५ मीटरवर. माणसाचा पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो, आणि ताशी ९० ने त्या सेकंदात २५ मीटर संपतात. उरले १०. तेवढ्यात वेग उतरून फार तर ८० होतो, आणि धडक त्याच वेगाने बसली. तीच गाडी ५० ने आली असती तर तो एक सेकंद धरूनही २८ मीटरांत जागेवर थांबली असती. समोरच्याला बहुधा कळलंही नसतं.

"पण सायरन चालू होता," हे मला दिवसभरात चार जणांनी ऐकवलं. चालू होताच. त्या गृहस्थांच्या काचा बंद होत्या, गाडीत गाणी लागली होती. बंद काचांआड सायरन ६० मीटरवरून ऐकू येतो असं धरलं, तरी ९० च्या वेगाला त्यांच्या हाती सव्वादोन-अडीच सेकंद. एवढ्यात आवाज ओळखायचा, कुठून येतोय ते ताडायचं आणि ब्रेकही दाबायचा. आवाजाची दिशा गाडीत बसून भल्याभल्यांना कळत नाही. मला स्वतःला कळत नाही.

संध्याकाळी हवालदार भेटायला आला. हाताला पट्टी. विचारलं, "साहेब, जायचंच नाही का मग जोरात?"

जायचं. माझं मत आजही तेच आहे. घर ६ किलोमीटरवर होतं. ५० च्या मर्यादेने सात मिनिटं, त्याच्या सरासरीने पाच. सुरा काढलेल्या माणसासमोर दोन मिनिटं म्हणजे फार मोठी गोष्ट. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं ३४वं कलमही तातडीच्या गाड्यांना नियमांतून सूट द्यायची मोकळीक देशांना देतं. मात्र इशारा चालू हवा आणि इतरांना धोका होता कामा नये. प्रशिक्षणात आम्ही पहिला भाग ऐकतो आणि दुसरा भाग येईपर्यंत मनाने स्टिअरिंगवर बसलेले असतो. (आणि कॉल नसतानाही ८० ने हिंडणारे आमच्यातलेच काही जण आहेत. त्यांच्यासाठी माझ्याकडे कुठलंही गणित नाही.)

मी कागद ओढून त्याला मांडून दाखवलं. चौकाआधी ९० चा वेग २० वर आणायचा, दोन्हीकडे बघायचं, ओलांडायचं, पुन्हा ९० गाठायचे. या सगळ्यात जादा वेळ जातो नऊ सेकंद. त्या वाटेवर असे चार चौक. म्हणजे ३६ सेकंद. दोन मिनिटांतली जवळजवळ दीड मिनिटं तरीही हातात उरतात.

"नऊ?" त्याने विचारलं.

"नऊ."

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या पोरीचा आवाज वायरलेसवर सांगितला नसता तर बरं झालं असतं. कंट्रोलवाला म्हणाला, पोरगी कुजबुजत बोलतेय. त्यानंतर मला सिग्नल दिसलेच नाहीत." हे मी अहवालात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

त्याच रात्री वरून एकाने विचारलं, वेग ७५ पर्यंत दाखवता येईल का, आपलाच माणूस आहे. मी सांगितलं, फ्रेम कुणीही मोजू शकतं.

अहवालाच्या छापील नमुन्यात शेवटी एक रकाना असतो : 'वेग समर्थनीय होता काय? होय / नाही.' मी त्यात काही लिहिलं नाही. वेगळं पान जोडून मोकळ्या रस्त्याचं एक उत्तर लिहिलं आणि चौकाचं दुसरं.

तिसऱ्या दिवशी फाइल परत आली. पान जसंच्या तसं होतं. रकान्याभोवती मात्र पेन्सिलीने गोल केला होता.